टोलीनायक घडवताना: इंदूरमधल्या नव्या स्काऊट-गाईड शिक्षकांसाठी

जूनमध्ये शाळा उघडली की दरवर्षी एखादी नवी शिक्षिका स्टाफरूममध्ये शेजारी येऊन बसते आणि विचारते, "ताई, मला गाईडचं काम दिलंय. सुरुवात कुठून करू?" हातात शिट्टी आणि मागच्या वर्षीचं रजिस्टर, समोर तीस मुली, आणि मनात भीती की यांना दर शनिवारी दीड तास करायला लावायचं तरी काय! हा लेख तिच्यासाठी आहे. स्काऊटचं काम मिळालेल्या सरांनाही तो तितकाच उपयोगी पडेल. मी गाईड कंपनी सांभाळते, आमचे एक सहकारी सर स्काऊट दल. आम्ही दोघं मिळून जे शिकलो ते क्रमानं सांगते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बहुतेक नवे शिक्षक कवायत, गणवेश आणि २६ जानेवारीच्या संचलनापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. मुलं सुंदर चालतात, पण जंगलात नेऊन "पुढे काय करायचं?" म्हणून विचारलं की सगळी शिक्षकाच्या तोंडाकडे बघतात. नेतृत्वावर भाषणं देऊन ते येत नाही. एखाद्या मुलीवर सात जणींच्या पाण्याची, जेवणाची, घरी सुखरूप पोचण्याची खरी जबाबदारी पडते आणि आपण दहा पावलं लांब उभं राहतो, तेव्हा ते येतं. ते दहा पावलांचं अंतर कसं तयार करायचं, ते पुढे सांगते आहे.

आधी आपण शिकायचं

आपल्याकडची संस्था म्हणजे भारत स्काऊट्स अँड गाईड्स. ७ नोव्हेंबर १९५० ला देशातल्या स्काऊट संघटना एकत्र येऊन ती झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड्सही तिच्यात सामील झाल्या. शाळेनं जिल्हा संघाकडे आपल्या दलाची नोंदणी केली आहे का, ते पहिल्याच आठवड्यात बघा. नसेल तर मुख्याध्यापकांकडे आग्रह धरा. नोंदणीशिवाय मुलांना सोपान, म्हणजे एकामागून एक परीक्षांच्या पायऱ्या, चढता येत नाहीत. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, अशी ती वाट आहे.

मग स्वतःसाठी बेसिक कोर्स. सात दिवस घरापासून लांब राहायचं म्हटलं की बऱ्याच जणी मागे सरतात. घरी लहान मूल असेल तर ते सोपं नाही, हे मला माहीत आहे. तरी जाच. त्या सात दिवसांत तुम्हाला स्वतःला टोलीत, म्हणजे सहा-आठ जणींच्या गटात, राहावं लागतं, दुसऱ्या कुणाच्या नायकीखाली भांडी घासावी लागतात, पावसात तंबू उभा करावा लागतो. दहा वर्षांच्या मुलीला ओल्या चादरीत काय वाटतं, ते तिथे कळतं. पुढे ॲडव्हान्स कोर्स आणि मग हिमालय वुड बॅज, म्हणजे प्रशिक्षित स्काऊट-गाईड शिक्षकांचं मानचिन्ह. आपण मध्य प्रदेशातले लोक नशीबवान, कारण संस्थेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आपल्याच राज्यात, पचमढीला आहे.

गणवेशाबद्दल एवढंच: स्वच्छ असावा, स्कार्फ नीट गुंडाळलेला असावा. ज्या घरांना नवा गणवेश परवडत नाही त्यांच्यासाठी मोठ्या मुलींचे जुने गणवेश धुऊन-इस्त्री करून कपाटात ठेवा आणि कुणाला दिला हे कुणालाही सांगू नका.

टोल्या पाडायच्या कशा

१९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा त्यांनी चार टोल्या केल्या होत्या: लांडगे, बैल, रेव्हन कावळे आणि कर्ल्यू पक्षी. काही मुलं श्रीमंतांच्या निवासी शाळांतली होती, काही कामकरी घरांतली. त्यांना मुद्दाम मिसळून टाकलं होतं. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. आपल्याकडे इंदूरला प्रशिक्षण हिंदीत होतं, म्हणून मुलींच्या तोंडी दल, टोली, टोलीनायक, मानसभा (टोलीनायकांची बैठक) हेच शब्द असतात. मराठी घरांतल्या मुलीही तेच म्हणतात, आणि मीही तेच वापरते.

एका टोलीत सहा ते आठ जणी. हजेरीपटावरच्या क्रमानं टोल्या पाडू नका, वर्गवारीनंही नको. मी प्रत्येकीला चिठ्ठीवर दोन मैत्रिणींची नावं लिहायला लावते आणि त्यातली किमान एक तिच्या टोलीत येईल एवढं बघते. बाकीचं मिश्रण मी करते: प्रत्येक टोलीत आठवी-नववीच्या दोघी-तिघी, उरलेल्या सहावी-सातवीच्या. रामबागेतली, सुदामा नगरातली आणि बायपासच्या पलीकडच्या गावातून बसनं येणारी मुलगी एका टोलीत आली की पहिला महिना कुरकुर होते, दुसऱ्या महिन्यात डबे एकत्र उघडतात. नाव टोलीनं स्वतः ठरवायचं. गाईडच्या टोल्यांना फुलांची नावं असतात, स्काऊटच्या टोल्यांना पशुपक्ष्यांची. आमच्याकडे सध्या मोगरा, कमळ, सूर्यफूल आणि गुलाब आहेत.

आता नायक. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. शाळेची सवय अशी की जिला गुण जास्त, जिचा आवाज मोठा, तीच मॉनिटर आणि तीच टोलीनायक. मी पहिले तीन-चार शनिवार कुणालाच नायक करत नाही. खेळ लावते आणि बघते. धावताना कुणी पडलं तर मागे वळून कोण बघतं? सगळ्यात लहान मुलीला दोरी धरायला कोण देतं? खेळ संपल्यावर न सांगता काठ्या कोण उचलून ठेवतं? दोन-तीन नावं आपोआप दिसू लागतात. मग टोलीला विचारायचं, आणि तिचं मत माझ्याशी जुळलं नाही तर बहुतेक वेळा मी टोलीचं ऐकते. नायकी कायमची देऊ नका. सहा महिन्यांनी मानसभेत पुन्हा विचार होईल, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

बिनकामाची एकही मुलगी टोलीत नको. उपनायक, सामान सांभाळणारी, टोलीची वही लिहिणारी, पैशांचा हिशेब ठेवणारी, प्रथमोपचाराची पेटी बघणारी, स्वयंपाकाची यादी करणारी. आठ जणी असतील तर आठ कामं शोधून काढा.

नायकांना आधी शिकवा, टोलीला नायक शिकवतील

या लेखातला एकच भाग लक्षात राहणार असेल तर हा राहू द्या.

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटं चारही टोलीनायक आणि उपनायक माझ्याकडे असतात. या आठ जणींची एक वेगळी टोली होते आणि तिची नायक मी. शनिवारी त्या जे शिकवणार, ते त्या गुरुवारी माझ्याकडून शिकतात. समजा क्लोव्ह हिच आहे, म्हणजे खांबाला दोरी बांधायची ती साधी गाठ, जिला हिंदीत खूंटा फांस म्हणतात. मी आधी न बोलता एकदा हळू करून दाखवते. मग सगळ्या माझ्याबरोबर करतात. मग प्रत्येकीनं मला शिकवायचं, आणि मी लहान मुली हमखास करतात त्या चुका मुद्दाम करते. दोरीचा दुसरा वेढा उलट्या बाजूनं घेते, टोक फारच आखूड सोडते. चूक दिसली की "असं नाही" म्हणून हातातून दोरी ओढायची नाही, "तुझं टोक कुठून निघालंय बघ" म्हणायचं, हे त्या तिथे शिकतात. गाठीपेक्षा हे वाक्य शिकवायला मला जास्त वेळ लागतो.

शनिवारी मैदानावर चार कोपऱ्यांत चार टोल्या बसतात आणि मी कडुनिंबाखाली उभी असते. नव्या शिक्षिकेला हे फार अवघड जातं. समोर चुकीचं चाललेलं दिसतं आणि पाय आपोआप तिकडे वळतात. वळू देऊ नका. माझ्या दुसऱ्या वर्षी एका नायकानं टोलीला रीफ नॉटच्या जागी चुकीची गाठ शिकवली. रीफ नॉटमध्ये, जिला डॉक्टरी गांठ म्हणतात, दोन्ही दोऱ्यांची टोकं आपापल्या दोरीला समांतर बसतात. चुकीच्या गाठीत ती आडवी निघतात आणि गाठ सुटते किंवा अडकून बसते. मला लांबून दिसत होतं. मी बोलले नाही. पुढच्या भटकंतीत त्या टोलीचं सतरंज्यांचं बोचकं रस्त्यात दोनदा सुटलं. नायकानं स्वतः बसून गाठ उलगडली, शेजारच्या टोलीच्या गाठीशी ताडून पाहिली आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांना पुन्हा शिकवली. "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं," असं तेरा वर्षांची मुलगी सात जणींसमोर म्हणाली. मी मध्ये पडले असते तर ते वाक्य तिनं कधीच म्हटलं नसतं.

याला अर्थातच मर्यादा आहे. आग, पाणी, उंची, रस्ता आणि साप यांच्या बाबतीत चूक होऊ द्यायची नसते. तिथे शिट्टी तुमच्या हातात आणि शब्द शेवटचा तुमचा. हे नायकांनाही आधीच स्पष्ट सांगा.

महिन्यातून एकदा मानसभा घ्या. चारही नायक गोल बसतात, एक जण अध्यक्ष होते, एक टिपण ठेवते. मी हजर असते पण मत देत नाही. पुढचा कार्यक्रम, पैसे, कुणाच्या वागण्याबद्दलची तक्रार, सगळं तिथे. तिथलं बोलणं बाहेर जायचं नाही, हा नियम मुली मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात. एखादी नायक टोलीवर ओरडायला लागली असेल तर ते मानसभेत काढू नका. तिला बरोबर घेऊन मैदानाला एक चक्कर मारा आणि विचारा, "आज कोण कोण गप्प होतं गं तुझ्या टोलीत?" बहुतेकींना तेवढं पुरतं.

शनिवारचे दीड तास

झेंडा आणि प्रार्थना दहा मिनिटं. मग लगेच धावपळीचा खेळ, कारण मुली आठवडाभर बाकावर बसून आलेल्या असतात. मग टोलीच्या कोपऱ्यात अर्धा तास शिकणं, नंतर शिकलेलं वापरावं लागेल असा टोल्या-टोल्यांचा खेळ. गाठी शिकवल्या असतील तर "तीन काठ्या आणि दोन दोऱ्यांत तुमच्या सगळ्यात लहान मुलीला उचलून नेता येईल असं स्ट्रेचर करा" असं काहीतरी. पाऊस असेल तर वर्गात स्मरणाचा खेळ: ताटात चोवीस वस्तू, एक मिनिट बघायच्या, झाकायच्या, टोलीनं मिळून यादी लिहायची. शेवटी नायकांचा आढावा पाच मिनिटं.

शिट्टीचे इशारे पहिल्याच महिन्यात पक्के करून घ्या, कारण बाहेर गेल्यावर ओरडून काही होत नाही. एक लांब शिट्टी म्हणजे शांत, पुढच्या इशाऱ्याकडे लक्ष. लांब लांब शिट्ट्या म्हणजे पांगा. पटापट आखूड शिट्ट्या म्हणजे या, गोळा व्हा. आखूड-लांब, आखूड-लांब म्हणजे धोका. तीन आखूड आणि एक लांब म्हणजे फक्त टोलीनायकांनी यायचं. हा शेवटचा इशारा जास्तीत जास्त वापरा. सूचना तीस मुलींना न देता चौघींना द्यायची आणि चौघींनी ती टोलीपर्यंत न्यायची.

पहिली भटकंती: रालामंडल

इंदूरकरांसाठी पहिल्या दिवसभराच्या भटकंतीला रालामंडलसारखी जागा नाही. शहराला लागून आहे, टेकडीवर होळकरांचं जुनं शिकारघर आहे, चढ सहावीच्या मुलीला जमतो आणि वाट चुकण्याची भीती कमी. ते अभयारण्य आहे, म्हणून चूल नाही, गाणी मोठ्यानं नाहीत, एक पानही तोडायचं नाही. डबे घरून. जायच्या आधीच्या आठवड्यात स्वतः जाऊन या. प्रवेश किती वाजता, शौचालय चालू आहे का, पिण्याचं पाणी कुठे, बस कुठे थांबेल, हे डोळ्यांनी बघून या. ऐकीव माहितीवर तीस मुली नेऊ नका.

पालकांना पत्र मराठी आणि हिंदी दोन्हींत द्या. त्यात निघण्याची आणि परतण्याची वेळ, बरोबरच्या मोठ्या माणसांचे फोन आणि मुलीच्या आजाराची, ॲलर्जीची, चालू औषधांची माहिती भरायला जागा असू द्या. दोन जबाबदार मोठी माणसं कायम बरोबर, त्यांतली एक बाई. एका मोठ्या माणसानं एका मुलीबरोबर एकट्यानं कुठेही जायचं नाही, कारण काहीही असो. एकदा आजी म्हणाल्या, "अहो ताई, आमच्या नातीला जरा तुमच्याजवळच ठेवा हं." मी त्यांना नमस्कार करून तिच्या टोलीनायकाची ओळख करून दिली. संध्याकाळी आजी नायकालाच विचारत होत्या, पोरीनं डबा खाल्ला का म्हणून.

प्रत्येकीकडे दोन लीटर पाणी. टोलीच्या पेटीत ओआरएसची पाकिटं, आणि एक पाकीट एक लीटर पाण्यातच, हे नायकाला पाठ असलं पाहिजे. मोजणी नायक करेल, दर थांब्यावर, आणि तुम्हाला "मोगरा आठ" असं येऊन सांगेल. सगळ्यात हळू चालणारी मुलगी रांगेत पुढून दुसरी, उपनायक शेवटी. आपल्या वेगानं हळू मुलीला ओढायचं नाही, तिच्या वेगानं टोलीनं चालायचं. हा नियम तरतरीत मुलींना जाचतो आणि त्यांच्यासाठीच तो आहे.

वाटेत कामं द्या. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात ते प्रत्येकीनं मोजून ठेवायचं, मग शिकारघरापर्यंतचं अंतर पावलांवरून काढायचं. एक झाड निवडून पेन्सिलनं उंची मोजायची: हात लांब करून पेन्सिल झाडाएवढी दिसेल असं उभं राहायचं, मग पेन्सिल बुंध्यापासून आडवी करून तिचं टोक जमिनीवर जिथे दिसतं तिथपर्यंतचं झाडापासूनचं अंतर पावलांनी मोजायचं. वर पोचल्यावर इंदूर पसरलेलं दिसतं. प्रत्येक टोलीनं उत्तर दिशा ठरवून त्याचा कच्चा नकाशा काढायचा. जूनमध्ये काठीच्या सावलीवरून दिशा काढायला लावू नका. कर्कवृत्त उज्जैनच्या उत्तरेला आहे, म्हणजे इंदूर त्याच्या दक्षिणेला. त्या दिवसांत दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली जेमतेम उरते आणि मुली गोंधळतात. डिसेंबरात तीच काठी सुंदर काम करते.

दुसरी भटकंती नोव्हेंबरनंतर जानापावची. साडेआठशे मीटरच्या वर उंची, चंबळेचा उगम तिथला मानतात, आणि परशुरामाची कथाही त्याच डोंगराशी जोडलेली आहे. मुलींना आधी चंबळ नकाशात यमुनेपर्यंत शोधायला लावा, मग तिथलं पाणी बघताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पावसाळ्यात पातालपाणीच्या धबधब्याला दल नेऊ नका. दरवर्षी कुणीतरी सुचवतं, दरवर्षी मी नाही म्हणते. जुलै २०११ मध्ये तिथे वरून अचानक लोंढा आला आणि प्रवाहात उभी असलेली माणसं बघता बघता कड्यावरून वाहून गेली. पाऊस वर कुठेतरी पडतो, खाली ऊन असतं, आणि पाणी गढूळ व्हायला लागलं हे कळेपर्यंत वेळ गेलेली असते. मुलींना हे भीती घालायला नव्हे, कारणासकट सांगा. घरच्यांबरोबर त्या जातीलच, आणि तेव्हा "पाणी गढूळ झालंय, बाहेर या" म्हणणारी त्यांच्यातलीच एक असेल.

पहिली रात्र

पहिला मुक्काम शाळेच्याच मैदानावर करा, थंडीत, एक रात्र. काही बिनसलं तर छप्पर वीस पावलांवर असतं.

आपली माळव्याची काळी माती तंबूला फसवते. ओली असताना खुंटी लोण्यासारखी आत जाते आणि तशीच बाहेर येते. सुकली की भेगा पडतात आणि खुंटी सैल होते. मुरमाची, जरा उंचावरची जागा निवडा. खुंटी तंबूच्या उलट्या बाजूला कलती ठोका आणि नायकाला झोपायच्या आधी एकदा सगळ्या दोऱ्या हातानं तपासायला लावा. रात्री दव पडतं, दोऱ्या ताणतात, म्हणून त्या किंचित ढिल्या ठेवायच्या.

जेवण टोलीनं टोलीचं करायचं. पहिल्यांदा खिचडी: आठ जणींना सहाशे ग्रॅम तांदूळ आणि तीनशे ग्रॅम मूगडाळ पुरते. दुसऱ्या शिबिराला बाफले. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात वर तरंगेपर्यंत शिजवायचे, मग कंड्यांच्या (गोवऱ्यांच्या) निखाऱ्यावर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. निखारा तयार व्हायला लागणारा तास नायकानं वेळापत्रकात धरलेला नसतो आणि जेवण रात्री साडेनऊला होतं. होऊ द्या. पुढच्या वेळी ती कंडे आधी पेटवते. चुलीजवळ सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी नाही, आणि पाण्याची व रेतीची बादली भरलेली. हे मात्र तुम्ही स्वतः तपासा.

सापाबद्दल सरळ बोला. आपल्या भागात नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि दुखतही फारसं नाही, म्हणून मच्छरदाणी अंथरुणाखाली चहूबाजूंनी खोचायची, बूट घालण्याआधी झटकायचे, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काहीही नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही, मुलीला चालवायचं नाही, १०८ ला फोन आणि थेट हॉस्पिटल. इंदुरात मोठं सरकारी हॉस्पिटल म्हणजे एमवाय. ते सगळ्यांना माहीत असतं, तरी शिबिराच्या जागेपासून जवळात जवळ हॉस्पिटल कोणतं आणि तिथे सापाच्या विषावरचं औषध आहे का, हे आधी विचारून ठेवा.

मुलींच्या शिबिरात शौचालयाची सोय चांगली नसेल तर शिबिर पुढे ढकला. पॅडची पिशवी उघडपणे प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी ठेवा आणि ती कुठे आहे हे नायक सगळ्यांना सांगेल असं बघा. कितीतरी मुली नुसत्या या काळजीनं शिबिराला येत नाहीत आणि घरी दुसरंच कारण सांगतात.

शेकोटी विझवल्यावर अर्धा तास आकाशासाठी ठेवा. ध्रुवतारा शोधायचा. इंदूरहून तो क्षितिजाच्या सुमारे तेवीस अंश वर असतो. हात सरळ ताणून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठी आणि वर थोडंसं. शहराच्या दिव्यांतही तो दिसतो. एकीला सापडला की ती दुसरीची मूठ धरून दाखवते. तेव्हा तुम्ही काही बोलू नका.

सकाळी तंबू वाळल्याशिवाय गुंडाळायचे नाहीत. दवानं ओला तंबू तसाच ठेवला तर पुढच्या वर्षी बुरशी निघते. तंबू वाळेपर्यंत तासभर मिळतो, त्या वेळात प्रत्येक नायकानं टोलीत बसून वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय कमी पडलं, काय उगाच आणलं, पुढच्या वेळी कोण काय करणार. ती वही सोमवारी मानसभेत येते आणि पुढच्या शिबिराची यादी तिच्यावरूनच तयार होते.